राखण

श्यामलानं हातातली पाटली ओढून काढली आणि चैत्रालीच्या किचनमधल्या टेबलावर ठेवली, तेव्हा केटल नुकतीच उकळून बंद झाली होती आणि त्यामुळे खोलीतली शांतता जास्तच ऐकू आली. पाटली सहज निघाली नाही. आईच्या मापाची होती आणि चाळिशीनंतर मनगट भरतंच. ऑपरेशन थिएटरमध्ये हातात काही चालत नाही म्हणून ती पाटली फक्त शनिवार-रविवारी घालायची, आणि रविवारी रात्री साबण लावून काढायची. आज साबण नव्हता. मनगटावर लाल पट्टा उठला होता आणि तो झाकावा की तसाच ठेवावा हे तिला सुचेना.

"हे काय?" चैत्राली म्हणाली.

"ठेव. तुझ्या ब्रेसलेटच्या जागी."

"अगं, पण तू का?"

"वर मीच होते ना."

एवढं सांगितलं की सगळं सांगून झालं, असं श्यामलाला मनापासून वाटलं होतं. चैत्रालीनं अर्चनाकडे पाहिलं. अर्चना समोरच्या खुर्चीवर मग धरून बसली होती. कार्डिफमधल्या मराठी मंडळींत ती सगळ्यांत जुनी, त्यामुळे कुणाच्या घरी डोहाळजेवण असो की भांडण, ती तिथे असायचीच. तिनं मग खाली ठेवला, श्यामलाच्या हातावर हात ठेवला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाली, "श्यामला, झालं ते झालं. कुणी कुणाला काही विचारणार नाही. आपल्या तिघींतच राहील हे, आय प्रॉमिस."

श्यामला "बरं" म्हणाली. चक्क "बरं" म्हणाली. कोट घातला, बटणं लावली, चहा नको म्हणाली आणि बाहेर येऊन आपल्या गाडीत बसली. झालं ते झालं म्हणजे काय झालं, हे तिला सीटबेल्ट लावताना कळलं. बेल्ट हातातून सुटून सर्रकन मागे गेला. साडेपाच वाजून गेले होते, जानेवारीतला उजेड कधीच आटपला होता, आणि समोर किचनच्या खिडकीत दोन डोकी एकमेकींजवळ आलेली दिसत होती. खोलीत तिसरं कुणी नसताना माणसं कुजबुजताना मान पुढे का काढतात, कोण जाणे. गाडी सुरू करून निघून जायला हवं होतं. तिचा हात किल्लीवर होता आणि किल्ली काही फिरत नव्हती.

गेल्या शनिवारी अर्चनाकडे हळदीकुंकू होतं. संक्रांत मधल्या वारी येऊन गेली होती, पण इथे सगळे सण मुकाट्यानं वीकेंडची वाट बघतात. अर्चनानं लंडनमधल्या वेम्बलीहून, ईलिंग रोडच्या दुकानातून, तिळगूळ आणि वाणासाठी झाकणाच्या स्टीलच्या डब्या आणल्या होत्या. श्यामलाला बोलावताना ती म्हणाली होती, "आमच्याकडे लग्न झालेली, न झालेली असलं काही नसतं हं, तू ये." ज्याच्याकडे असलं काही नसतं त्याला ते सांगावं लागत नाही, पण श्यामला गेली. एकटं राहणारं माणूस बोलावणं आलं की जातं. तिथे खाली जरीच्या साड्यांमधून दोन नव्या बायकांनी "आडनाव काय म्हणालात? वडगावकर? म्हणजे मूळचे कुठले?" असं सुरू केलं, तेव्हा ती नेहमीप्रमाणे "साताऱ्याकडचे" म्हणाली. त्या नेहमीप्रमाणे पुढच्या शब्दाची वाट बघत हसत राहिल्या. मग "मी वर मुलांपाशी बसते" म्हणून ती उठली. वरच्या बेडरूममध्ये पलंगावर कोट आणि पर्सेसचा ढीग होता आणि गालिचावर पोरं. चैत्राली बाळाची नॅपी बदलायला आली, हातातलं ब्रेसलेट काढून तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि बाळाला घेऊन जाताना कट्ट्याकडे मान करून म्हणाली, "बघशील ना गं जरा?" श्यामला म्हणाली, "बघते."

आणि मग तिला कुंकवासाठी खाली हाक मारली. मोठ्या अगत्यानं मारली, त्यामुळे जाणं भाग होतं. ती वर आली तेव्हा पोरं होती, कोट होते, कट्टा होता. गालिचा उचलून झाला, नॅपीची पिशवी उलटी करून झाली, व्हॅक्यूम क्लीनरचं पोट फाडून झालं. परीक्षित, म्हणजे चैत्रालीचा नवरा, दारात उभा राहून "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत होता. ते ओके नव्हतं, कारण ब्रेसलेट त्याच्या आईनं दिलेलं होतं. श्यामलाकडे कुणी बोट दाखवलं नाही. पण निघताना प्रत्येक बाईनं कोट घातल्यावर आधी पर्स उघडून पाहिली, आणि जिन्यापाशी उभ्या असलेल्या श्यामलाला ते सगळं दिसत राहिलं. पुढचा आठवडाभर ती कामावर गेली, लोकांना भूल दिली, त्यांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास मोजत राहिली आणि घरी येऊन एकच विचार करत राहिली, की मी बघते म्हणाले होते. पाटली द्यायची असं तिनं ठरवलंसुद्धा नाही. शनिवार आला, पाटली हातात चढवली, आणि ती आज परत यायची नाही हे तिला आतून ठाऊक होतं.

आता गाडीत बसून तिला प्रथम हसू आलं. लोक आपला जीव बिनधास्त जिच्या हवाली करतात आणि पोटावर सुरी चालत असताना घोरत पडतात, ती बाई ब्रेसलेट चोरणार. मग ते हसू थांबलं, कारण अर्चनाचा चेहरा आठवला. त्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. त्यात क्षमा होती, आणि क्षमेपुढे माणसाला काही बोलताच येत नाही. हात वर करून मी केलं नाही म्हणावं, तर मग हे टेबलावर काय आहे? जे घेतलं नाही ते कोण भरून देतं? हे वाक्य तिच्या डोक्यात मराठीत आलं, पण ते मराठीतलं नव्हतं. तिनं ते कुठेतरी वाचलं होतं.

लंडनच्या, इंग्रजी अमलातले जुने कागद जपणाऱ्या त्या मोठ्या ग्रंथालयात ती ऑक्टोबरमध्ये गेली होती. रजा काढून, पहाटेची पॅडिंग्टनची गाडी पकडून, एकटी. तिथे आत जाताना पेन बाहेर ठेवायला लावतात, फक्त पेन्सिल चालते, आणि आपलं सामान आरपार दिसेल अशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं असतं. निघताना दारावरचा माणूस ती पिशवी बघतो. बाकीचे लोक जरा कंटाळून पिशवी पुढे करत होते. श्यामलाला मात्र त्या दारात विलक्षण घरच्यासारखं वाटलं होतं, कारण लहानपणी अण्णा, तिचे वडील, रोज संध्याकाळी तिचं दप्तर असंच बघत. दिव्याखाली दप्तर उलटं करायचं, पेन्सिली तिच्याच आहेत ना, खोडरबर दुसऱ्या कुणाचं तर नाही ना, आणि मग काही न बोलता सगळं परत भरायचं. अण्णा शाळामास्तर होते, कुणी कधी त्यांना वावगं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. तरी ते रस्त्याच्या कडेनं चालत आणि खाकी कपडा दिसला की त्यांचा हात आपोआप नमस्काराला उठे. गावात चोरी झाली की पहिल्यांदा त्यांच्या आळीत पोलीस येत. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा होता, त्या कायद्याच्या यादीत त्यांची जमात होती. कायदा गेला. पण गावाच्या तोंडून जमातीचं नाव शिवीसारखं यायचं ते येतच राहिलं, आणि ते नाव श्यामलानं या देशात एकदाही उच्चारलं नव्हतं. आडनाव म्हणून अण्णांनी गावाचं नाव लावलं, ते तिला चांगलं उपयोगी पडलं होतं.

अण्णांचा आजा राणू. घरात त्याचा फोटो नव्हता, गोष्ट नव्हती. गावचा जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार होता, चोरीच्या खटल्यात गेला आणि तुरुंगातच मेला, एवढंच सगळ्यांना माहीत. आणि तो गेला म्हणूनच दप्तर उलटं करायचं, कारण रक्तात असेल तर ते पेन्सिलीपासूनच सुरू होणार. अण्णा हे कधी बोलले नाहीत, पण ती न बोललेलंच जास्त शिकली. आता ऐंशी पार झाल्यावर, डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर, त्यांनी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. औषध नाही, स्वेटर नाही. "तिकडं सगळी कागदपत्रं नेलीत म्हणतात. बघ सापडतंय का. त्यानं खरंच चोरी केली होती का, तेवढं मला जायच्या आधी कळू दे."

आणि तिला सापडलं होतं. अपिलाच्या निकालांच्या एका जाडजूड छापील खंडात अर्धं पान. फिर्यादी पाटलाच्या घरी रात्री घरफोडी झाली. गस्तीवर आरोपी होता. सकाळी त्यानं माग काढला तो नदीपर्यंत, आणि पाण्यात माग संपला असं त्याचं म्हणणं. मग आरोपीनं आपण होऊन आपल्या बायकोचे चांदीचे तोडे फिर्यादीच्या उंबऱ्यावर आणून ठेवले. चोरीस गेलेला माल मिळाला नाही. तोडे का ठेवले, याचा समाधानकारक खुलासा आरोपीला देता आला नाही. मी जागल्या आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जागल्या असणं हे तर गुन्हा अधिकच गंभीर करणारं. माणसानं जे घेतलेलं नाही ते तो भरून देत नाही, असं इंग्रज जज्जसाहेबानं लिहिलं होतं. आरोपीच्या जमातीचा लौकिक पाहता आणखी पुराव्याची गरज नाही. अपील फेटाळलं. श्यामलानं ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. तिचं इंग्रजी इतकं चांगलं होतं, की साहेबाचं म्हणणं तिला लगेच पटलं.

तेव्हापासून दर रविवारी अण्णा विचारत, "सापडलं का काही?" आणि ती म्हणे, "नाही अण्णा, फार कागद आहेत." अण्णा म्हणत, "असू दे, असू दे, तुला तुझं काम असतं." फोन ठेवल्यावर ती खिडकीशी उभी राहून खालचं कारपार्क बघत राही. एवढ्या मोठ्या शहरात हे सांगण्यासारखं एकही माणूस आपल्याला नाही, हे तिला तेव्हा अगदी स्पष्ट कळे. सांगायचं तर आधी जमात सांगावी लागली असती, आणि मग चोर. एका दमात दोन्ही.

किचनची खिडकी आता रिकामी झाली होती. गाडीची काच आतून धुरकट झाली म्हणून श्यामलानं ती हातानं पुसली, आणि मनगटावरचा पट्टा दिसला. लाली ओसरून आता तिथे एक फिकट वर्तुळ उरलं होतं. आणि एकदम, कुठलं कुठे, तिला घरातली भिंत आठवली. त्या भिंतीवर घड्याळ होतं, मामानं आईला लग्नात दिलेलं, टोले देणारं. आळीत तेवढं एकच. दिवाळीच्या सुटीत शाळेतलं घड्याळ चोरीला गेलं, तेव्हा अण्णांनी घरातलं घड्याळ उतरवलं, धोतरात गुंडाळलं आणि शाळेच्या भिंतीवर नेऊन लावलं. घरच्या भिंतीवर धूर न लागलेला गोल तेवढा राहिला. गाव म्हणालं, मास्तर भ्याला, आणून लावलं. शाळेतलं घड्याळ चौकोनी होतं आणि हे गोल, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं, तरी म्हणालं. आई पुढे कितीतरी वर्षं शेजारच्या रेडिओवरून वेळ ओळखायची. श्यामला तेव्हा दहाएक वर्षांची. रागानं थरथरत तिनं विचारलं होतं, "तुम्ही चोरलं नव्हतं ना? मग दिलं कशाला?" अण्णांना तो प्रश्नच समजला नव्हता. ते म्हणाले होते, "शाळेची किल्ली माझ्याकडं होती."

वर मीच होते ना.

श्यामलानं पर्समधून भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड काढलं, मोबाइलवर त्यावरचा खरवडलेला नंबर दाबला, यंत्रातल्या बाईनं किती वेळ बोलता येईल ते ऐकवलं, आणि मग दूर कुठेतरी घंटा वाजली.

"काय गं? आज शनिवार ना?" अण्णांचा आवाज घाबरलेला होता. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. अण्णा, मी आईची पाटली देऊन टाकली."

"कुणाला?"

तिनं सांगितलं. हळदीकुंकू, कट्टा, बघते म्हणाले, खाली गेले, सगळं. अर्चना काय म्हणाली ते तेवढं सांगितलं नाही.

"मग बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं ऐकू आलं. "तुझ्या भरवशावर ठेवलं होतं तिनं. आईला पण हेच वाटलं असतं. त्यात रडायचं काय?"

"मी रडत नाहीये." ती रडत होती. "अण्णा, राणूचा कागद मिळाला. ऑक्टोबरातच मिळाला होता."

पलीकडे अण्णा खुर्ची ओढून बसल्याचं ऐकू आलं.

"पाटलाकडे चोरी झाली, रात्री गस्त त्याची होती. माग नदीत गेला. मग त्यानं बायकोचे तोडे नेऊन पाटलाच्या उंबऱ्यावर ठेवले. म्हणून त्याला शिक्षा झाली. चोरी केली नसती तर भरून कशाला दिलं असतं, असं लिहिलंय."

"असं लिहिलंय?" अण्णा म्हणाले. मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास येत राहिला आणि ती सवयीनं तो ऐकत राहिली. "अगं, पण नेमच होता तो. जागल्यानं चोराचा माग लावून द्यायचा. नाही लागला तर गेलेलं स्वतः भरून द्यायचं. राखण ज्याची, भरपाई त्याची. माझा बाप सांगायचा जुन्या लोकांचं. पण आज्यानं तोडे दिले होते, हे नाही कधी सांगितलं. त्याला पण ठाऊक नसेल, लहान होता तो."

"मग साहेबाला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आज्यानं सांगितलं की. जागल्या आहे म्हणाला ना? आणखी काय सांगायचं त्यानं? सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाटलाला तर होतंच होतं."

"आणि गाव गप्प बसलं."

"बसलं असणार."

यंत्रातली बाई मध्येच येऊन थोडाच वेळ उरल्याचं सांगून गेली.

"म्हणजे त्यानं चोरी केली नव्हती," अण्णा म्हणाले. हे ते तिला नाही, अंधारात दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होते. मग म्हातारपणी बारीक झालेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण साहेबानं तर उलटं लिहिलंय म्हणतेस. मग तुला काय वाटतं?"

श्यामलानं खिडकीकडे पाहिलं. किचनमधला दिवा कुणीतरी मालवला होता.

"मी आत्ता त्याच उंबऱ्यावरून आलेय, अण्णा."

त्यांना ते कळलं. ते मास्तर होते, आणि शाळेतलं घड्याळ चौकोनी होतं हे त्यांनीही पाहिलेलं होतं. ते म्हणाले, "तुझं दप्तर मी उगाच बघत होतो गं." आणि ती काही म्हणायच्या आत कार्ड संपलं.

ती तशीच बसून राहिली. त्या वाक्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं आणि उद्या रविवारी ते देता येईल की नाही, तिला माहीत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. तो होताही कुठेतरी, पण त्याच्याभोवती एवढी मोकळी जागा होती की तो तिला जवळचा वाटेना. तिला राणूचाच विचार येत राहिला. उंबऱ्यावर तोडे ठेवून तो मोकळ्या मनानं घरी गेला असेल, जेवला असेल, आपलं काम चोख झालं असं त्याला वाटलं असेल. कोर्टातसुद्धा त्याला शेवटपर्यंत कळलं नसेल, की हे लोक पुन्हा पुन्हा काय विचारताहेत. कळलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? आणि कुणाला? पाटील समोरच बसलेला असेल. त्या पाटलाकडे बघत तो नुसता थांबला असेल, की हा आता तरी बोलेल.

चैत्रालीनं विचारलं होतं, पण तू का? तिनं खरोखरच विचारलं होतं, आणि आपण सगळं गाव ओळखीचं असल्यासारखं अर्धंच उत्तर देऊन उठलो होतो.

श्यामला गाडीतून उतरली. वारा तोंडावर आला. पाटली परत मागायची नव्हती. ती तिथेच शोभत होती, जशी शाळेच्या भिंतीवर घड्याळ शोभायचं. पण 'बरं' हा शब्द परत घ्यायला हवा होता, आणि तो घ्यायचा तर आडनावामागचं सगळं सांगावं लागणार होतं. उद्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं येणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. सांगितल्यावर त्या म्हणतील, अरेच्चा, तरीच. ते नाव ऐकल्यावर त्यांना आणखी पुराव्याची गरज राहणार नाही. तिनं बेल दाबली.

चैत्रालीनं दार उघडलं. मागे अर्चना कोट घालून निघायच्या तयारीत उभी होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिची पर्स ठेवलेली होती. श्यामलाला दारात बघून अर्चना हसली, अगदी प्रेमानं हसली, आणि हसता हसता, आपलं आपल्यालाही न कळता, तिनं खाली वाकून पर्स उचलली आणि काखेत धरली.

"काही विसरलीस का?" चैत्रालीनं विचारलं.

"हो," श्यामला म्हणाली. तिनं दोन्ही रिकामे हात कोटाच्या खिशातून बाहेर काढले. "माझे पणजोबा जागल्या होते. त्यांचं नाव राणू." आणि मग, त्या उंबऱ्यावर उभं राहून, तिनं जमातीचं नाव सांगितलं.